थुंकायचं कुठं?

आक्का, तू सुटलीस म्हणे.

हे मी म्हणत नाही. ओसरीवर भेटायला येणारा प्रत्येक माणूस म्हणतो. लिंबागणेशहून तुझी चुलतनणंद आली, तिनं डोळ्याला पदर लावायच्या आधी म्हटलं. तुझ्या सासऱ्यांच्या, पाटलांच्या, ओळखीचे चौसाळ्याचे व्यापारी बैल सोडता सोडता म्हणाले. तुझे चुलतसासरे तर उंबऱ्यातच म्हणाले, "सुटली बिचारी. लई हाल व्हते." आणि लगेच पानाचं तबक मागितलं. मी खांबाला टेकून उभा होतो. मला गप्प बसता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? मी म्हटलं, "सुटली न्हाई काका, मेली." सगळी ओसरी माझ्याकडं बघायला लागली. दाजींनी मला दंडाला धरून गोठ्याकडं नेलं. म्हणाले, "बापू, आज तरी नको."

आज नको, तर मग कधी? तू असताना 'आज नको' म्हणायचे, तू गेल्यावरही 'आज नको'. तुझा नवरा आयुष्यात दुसरं वाक्य शिकलाच नाही.

मला त्या शब्दाचा राग का आला ते तुलाच सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला ते कळायचं नाही. सुटायचा होता तो तुझ्या छातीतला कफ. तो सुटावा म्हणून मी तुला बैलगाडीत घालून निजामाच्या मोगलाईची हद्द ओलांडून इंग्रजी मुलखात नगरला नेलं. तो सुटावा म्हणून आपण दोघं भांडलो, अबोला धरला, परत भांडलो. 'सुटणं' हा आपला शब्द होता. तो या पान खाणाऱ्या लोकांनी तुझ्या तिरडीशेजारून उचलला आणि तुलाच लावला. कफ आत राहिला आणि तू सुटलीस, वा रे वा!

ज्या बाईला हे लोक 'बिचारी' म्हणत होते तिला मी ओळखत नाही. मी जिला ओळखतो ती पाटोद्याच्या आपल्या शेतात ज्वारी हुरड्यात आली की राखणीच्या माळ्यावर चढायची. हातात गोफण, कमरेला पदर खोचलेला, आणि पाखरांवर अशी ओरडायची की शेजारच्या शिवारातली पाखरंसुद्धा उडायची. शेजारचा सखारामतात्या बांधावर येऊन म्हणायचा, "पोरी, माझी बी राखण करतीस का काय? मापटंभर ज्वारी तुझ्या नावानं काढून ठिवतो." मी खाली बसून तुझा आवाज ऐकत हुरडा खायचो. आज चावडीसमोर उभं राहून मी बोलतो तेव्हा शेवटच्या माणसापर्यंत पोचतं, लोक म्हणतात बापूचा आवाज भारी आहे. तो कुणाचा आहे ते त्यांना ठाऊक नाही. तू मला एवढं दिलंस, आणि स्वतः लग्न होऊन गेलीस ती अशा घरात, जिथं सुनेनं खाकरलेलंही ऐकू येता कामा नये.

दिवाळीला माहेरी आलीस तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं. पहाटे तू परसात चुलीवर पाणी तापवत होतीस आणि मी आत अंथरुणात होतो. मला वाटलं कुणी जातं ओढतंय. तो तुझा श्वास होता. मग खोकला सुरू झाला, लांबलचक, आणि शेवटी काहीच नाही. मी बाहेर आलो तर तू भिंतीला हात टेकून उभी, चेहरा काळानिळा.

"आक्का, काय हे?"

"काय न्हाई. घशात बसलंय जरा."

"घशात? छातीतून घरघर ऐकू येतीय."

"आता दळण-कांडण करणाऱ्या बाईच्या छातीतून काय सनई वाजणार हाय का?"

तू हसवून विषय टाळायचीस. ही तुझी जुनी खोड. मी तेव्हा अफूच्या दुकानांविरुद्ध पत्रकं वाटत हिंडत होतो, धुराबद्दल, विटाळाबद्दल, पोरींच्या शाळेबद्दल, जे हाती येईल त्याबद्दल लिहीत होतो. आणि माझ्याच घरात, माझीच बहीण भिंतीला धरून श्वास शोधत होती. माझं डोकं फिरलं. देवीच्या नवसाचं निमित्त सांगून पाटलांची परवानगी काढली. खोकला दाखवायला नेतो म्हटलं असतं तर पाटील म्हणाले असते, खोकल्याला काय दाखवायचंय?

नगरचा तो डॉक्टर आठवतो? म्हातारा, चिडका, कानात केस. त्यानं तुझ्या पाठीला लाकडी नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिला. विचारलं, "चुलीला काय जाळता?" तू म्हणालीस, पऱ्हाट्या, तुराट्या, पावसाळ्यात ओल्या गोवऱ्या. "धूर कुठून जातो?" तू म्हणालीस, वर माळवदाला, मातीच्या छताला, भोक आहे, पण ज्वारी वाळत घातली की त्यावर फरशी ठेवतात. "म्हणजे तो तुमच्यातूनच जातो," डॉक्टर म्हणाला. मला तिथंच त्याचे पाय धरावेसे वाटले.

मग त्यानं समजावून सांगितलं, आणि मी शब्द न् शब्द ध्यानात ठेवला. छातीतल्या नळ्यांत कफ गोंदासारखा चिकटून घट्ट झालाय. तो घट्ट आहे तोवर कितीही खोकलं तरी हलायचा नाही. हे औषध तो पातळ करील. सोबत दिवसभर गरम पाणी प्यायचं, वाफ घ्यायची. "रोग मुळातून जाईल असं मी सांगणार नाही, बाई. पण कफ पातळ राहिला तर श्वासाला वाट राहील. आणि एक लक्षात ठेवा. औषध लागू पडलं की खोकला वाढल्यासारखा वाटेल. घाबरायचं नाही. आत साचलेलं बाहेर येतंय असं समजायचं. ते गिळायचं नाही, थुंकायचं."

तू पदर सावरून हळूच विचारलंस, "थुंकायचं कुठं?"

डॉक्टर हसला. "भांड्यात थुंका, बाई. आणखी कुठं?"

तू माझ्याकडं पाहिलंस. तुझ्या डोळ्यांत होतं, की या शहाण्या माणसाला कसं सांगू. मला वाटलं तू लाजतेस. तू लाजत नव्हतीस, तू सरळ, कामाचा प्रश्न विचारला होतास. त्याचं उत्तर डॉक्टरकडं नव्हतं, आणि मी बाटली कशी फुटणार नाही याच्या विचारात होतो.

परत येताना करोडगिरीच्या नाक्यावर आपली गाडी अडवली. इंग्रजी मुलखातून काय आणलं, जकात किती, सगळी विचारपूस. नाकेदारानं बाटली उन्हात धरली. "क्या है इसमें? शराब?" मी म्हटलं, खोकल्याचं औषध. त्याचा विश्वास बसेना. बूच काढून त्यानं एक घोट तोंडात घेतला आणि त्याचं तोंड असं काही वेडंवाकडं झालं! थुः थुः करत, नाक्याच्या भिंतीवर चारदा थुंकून तो म्हणाला, "या अल्ला! ये दवा है के सजा? ले जाओ, ले जाओ बाई को." तू गाडीत एवढी हसलीस की खोकला लागला, खोकता खोकता पुन्हा हसलीस. नगरच्या छापखान्यातून आणलेला माझ्या पत्रकांचा गठ्ठा कडब्याखाली होता आणि त्यावर तू बसली होतीस. नाका मागं पडल्यावर म्हणालीस, "बापू, तुझी पत्रकं लई उपेगाची हायेत बघ. बसायला मऊ." मग बाटलीचा वास घेऊन एक थेंब जिभेला लावलास. "पितळ चाटल्यावानी लागतंय."

त्या वाटेवर मी खूश होतो, आक्का. मला वाटलं, झालं काम. औषध मिळालं म्हणजे काम झालं असं फक्त पुरुषांनाच वाटू शकतं.

कारण औषध लागू पडलं! हीच तर खरी पंचाईत झाली. डॉक्टर म्हणाला होता तसंच झालं. कफ पातळ झाला, वर यायला लागला. आणि मग भाकरी थापता थापता, ताटं वाढता वाढता, पाण्याची घागर कमरेवर असताना तोंड भरून यायला लागलं. तुझ्या सासूबाईंनी दोन दिवस पाहिलं आणि निकाल दिला: "आदी कोरडा व्हता, आता वला झाला. त्या नगरच्या औषदानं रोग वाढिवला." झालं. कोरडा खोकला म्हणजे साधा, ओला म्हणजे मोठा रोग, हे त्यांचं शास्त्र. जे बरं होण्याचं लक्षण होतं तेच त्यांनी मरणाचं ठरवलं.

मी संक्रांतीला वाण घेऊन आलो तेव्हा तू चुलीपुढं होतीस. बाटली फडताळात, जवळपास भरलेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"घेत कावून न्हाईस?"

"घेते की."

"बाटली बोलतीय."

"घेतलं की येतंय बाबा वर. मग धावायचं गोठ्याकडं. सकाळधरनं चारदा गोठ्याकडं गेले तर सासूबाई म्हनतात, म्हशीशी काय गुज चाललंय?"

"इथंच थुंक. मडकं ठेव राख घालून."

"चुलीम्होरं? अन्नाजवळ?"

"मग ओसरीवर ठेव."

तू माझ्याकडं असं पाहिलंस, जसं काही मी तुला गावाच्या वेशीत नाचायला सांगितलं होतं. "मामंजींम्होरं? अरे, सासऱ्याम्होरं सून खाकरत बी न्हाई. घोटून घेती."

"आणि सासरा दिवसभर काय करतो?"

खरंच, आक्का, मी काय चुकीचं विचारलं? पाटलांची ती पितळी पिकदाणी. गादीच्या उजव्या अंगाला, फुलाच्या आकाराची, काठावर वेलबुट्टी. सकाळी पहिलं पान ते निजायच्या आधीचं शेवटचं पान, पाटील पिचकारी मारणार, शेजारी बसलेले मारणार, पटवारी येऊन मारणार. आणि रोज सकाळी ती पिकदाणी परसात नेऊन, चिंच आणि राख लावून, सोन्यासारखी लख्ख करणार कोण? तू. मी म्हटलं, "ज्या भांड्यात दहा जणांचं थुंकणं तू रोज धुतेस, त्या भांड्यात तुझं एक थुंकणं बसेना?"

"ते पान हाय."

"पानाचं थुंकणं काय गंगाजळ हाय?"

"हळू बोल, बाबा."

"न्हाई बोलणार हळू."

"मग तू बोल. मी भाकरी उलटते, करपतीय."

तू अशी होतीस. मी आवाज चढवला की तू भाकरी उलटायचीस. पण ताट वाढताना, पदर डोक्यावर ओढून, माझ्याकडं न बघता म्हणालीस, "मी ती घासते म्हनून तर मला कळतंय, बापू. त्या भांड्यात कुनाचं चालतं आन् कुनाचं न्हाई. तुला नगरच्या डाक्टरनं औषद दिलं. भांडं कुनी दिलं न्हाई."

तेवढ्या वाक्यावर मी पत्रक लिहिलं. 'खोकला बांधू नका'. आणि त्यावरूनच आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं, जे अजून मिटलेलं नाही आणि आता मिटायचंही नाही.

त्या पत्रकात मी अफूबद्दल लिहिलं होतं. कारण तोवर पाटलांनी तुझ्या खोकल्यावर तोडगा काढला होता. सरकारमान्य दुकानातून अफू, मोहरीएवढी गोळी, संध्याकाळी. आणि काय गुण! खोकला बंद. घर शांत. पाटलांना झोप लागली, सासूबाईंना झोप लागली. मला सांगायला लागले, "बघ, नगरला न जाता." अरे, खोकला बंद झाला म्हणजे दार बंद झालं! आतला कफ कुठं गेला? तो तिथंच, घट्ट, गोंदासारखा. चोर घरात आहे आणि तुम्ही कुत्र्याचं तोंड बांधता! हे मी पाटलांना तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "बे, तू कुत्रा कुनाला म्हनतोस?" त्यांच्याशी बोलायचं म्हणजे असं.

तर पत्रकात मी लिहिलं, "ज्या घरात सुनेला थुंकायला जागा नाही, त्या घरात तिच्या श्वासालाही जागा नाही." दाजींनी ते तुला अडखळत वाचून दाखवलं. तू निरोप धाडलास, मला भेटून जा. मी आलो. मी तुला एवढी चिडलेली माळ्यावरसुद्धा पाहिली नव्हती.

"सून कावून लिवलंस?"

"नाव कुठं लिहिलंय तुझं?"

"नाव कशाला लागतंय? आख्ख्या पंचक्रोशीत थुंकन्यावरनं भांडन झालेली सून येकच हाय. बाई लिवायचं व्हतंस. मानूस लिवायचं व्हतंस. माझी अब्रू गेली."

"तुझी कशी? गेली तर पाटलांची गेली."

"ती बी माझीच हाय, येड्या! मला हितंच ऱ्हायचंय."

मी शब्द मागं घेतला नाही. तू नागपंचमीपासून दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. मी आजही तो शब्द मागं घेत नाही, आक्का. 'माणूस' लिहिलं असतं तर पाटलांनी मान डोलावली असती, कारण माणूस म्हणजे पाटील. 'सून' लिहिलं म्हणून झोंबलं. पण तुझं 'मला हितंच ऱ्हायचंय' तसंच राहिलं. भाषणात मी या वाक्यापर्यंत येतो आणि पुढं जातो. तू असतीस तर तिथंच मला पकडलं असतंस.

अबोला तूच मोडलास, तोही तुझ्या पद्धतीनं. दिवाळीला लोणच्याची बरणी पाठवलीस, आणि बरणीच्या तोंडाला दादरा म्हणून बांधलं होतंस माझंच पत्रक. तेल पाझरून अक्षरं पार गेली होती. फक्त 'बांधू नका' एवढं वाचता येत होतं, आणि त्यावर तुझी सुतळीची गच्च गाठ. मी एकटा बसून हसलो. आणि मग मला लई राग आला, की जी बाई असा विनोद करू शकते, तिला श्वासासाठी हातापाया पडायला लागतं.

मग मी बीडच्या हकिमांकडं गेलो. म्हटलं, नगरची बाटली परकी वाटते, इकडचं काहीतरी आणू. त्या म्हाताऱ्यानं सगळं ऐकून तेच सांगितलं जे नगरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. "बलगम को बांधना नहीं, बहने देना." कफाला ते बलगम म्हणायचे. भोकराच्या फळाचं, ज्येष्ठमध घातलेलं चिकट चाटण दिलं. हे घरात चाललं! भोकर ओळखीचं. सासूबाईंनीही बोटभर चाटून पाहिलं, म्हणाल्या, ग्वाड हाय. मला वाटलं, आता तरी. पण चाटणानंसुद्धा कफ पातळच होणार ना? वरच येणार ना? आणि तू पुन्हा घोटणार. हकीम, डॉक्टर, दोघांना एकत्र बसवलं असतं तरी त्यांचं औषध तुझ्या ओठांपर्यंत येऊन थांबलं असतं. पुढची वीतभर जागा पाटलांच्या ताब्यात होती.

शेवटचा आलो तेव्हा थंडी होती. तू धान्याच्या कणगीला पाठ लावून बसली होतीस, कारण आडवं झालं की श्वास बंद पडायचा. अफूनं डोळे जड. ओठ निळसर. मी शेजारी बसलो. काय बोलायचं ते सगळं मी वाटेत ठरवून आलो होतो, पाटलांना काय, दाजींना काय, तुला काय. तुला पाहिलं आणि ते सगळं वाटेतच राहिलं. तू श्वास मोजून घेत राहिलीस. मग म्हणालीस,

"भांड ना."

"काय?"

"आज गप कावून? भांड की जरा. बरं वाटतं."

मी भांडलो नाही, आक्का. मी तुझे पाय चेपले. तू म्हणालीस, "अगं बाई, म्हंजी खरंच लई झालंय माझं." आणि हसलीस, आणि ते हसू वर येता येता अडकलं.

आता दहाव्याचं सांगतो. ते सांगायलाच हे लिहायला बसलो.

नदीवरून सगळे परत आले. ओसरीवर पाटील, त्यांचे भाऊबंद, पानाचं तबक, आणि ती पिकदाणी. मी आत तुझ्या जागेकडं गेलो. चुलीपुढं तुझ्या सासूबाई बसल्या होत्या. तू आजारी पडल्यापासून चूल त्यांच्याकडं आली होती, आणि माळवदाच्या भोकावर फरशी तशीच होती. मी पाहिलं, त्या भिंतीला हात टेकून होत्या. तोच श्वास. जातं ओढल्यासारखा.

म्हणाल्या, "बापू, ती नगरची बाटली ऱ्हायलीय का रं?"

फडताळात होती. तुझ्या हातानं गच्च लावलेलं बूच. मी ती काढली आणि मला दुःख नव्हे, संताप आला. आता? आता कावून? 'ओला झाला' म्हणणाऱ्या याच ना? म्हशीशी काय गुज चाललंय म्हणणाऱ्या याच ना? मला ती बाटली चुलीत फोडावीशी वाटली. मग त्यांचा चेहरा पाहिला. निळसर ओठ. मी चमच्यात औषध ओतलं. सांगितलं, गरम पाणी प्या मावशी, कफ पातळ होईल, वर येईल, गिळायचा नाही.

त्यांनी पितळ चाटल्यासारखं तोंड केलं. पाणी प्याल्या. मी उठून माळवदावर गेलो, भोकावरची फरशी ढकलून दिली. खाली आलो तर त्या तिथंच बसलेल्या. एवढ्यात औषध लागू पडत नाही, मला माहीत आहे. गरम पाण्यानं, नाहीतर भोकातून आलेल्या उजेडानं म्हण, त्यांना खोकल्याची उबळ आली. तोंड भरलं. तोंडावर पदर दाबून त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि डोळ्यांनीच विचारलं.

तेच, आक्का. तुझंच. थुंकायचं कुठं?

मी ओसरीवर गेलो. पाटलांच्या उजव्या अंगाची पिकदाणी उचलली.

"कुठं नेतोस बे?" पाटील म्हणाले.

"मावशींना थुंकायचंय."

चुलतसासऱ्यांच्या तोंडात पान तसंच राहिलं, त्यांना आता थुंकायला जागा नव्हती. पाटील म्हणाले, "तिला येखांदं मडकं दे की."

मी म्हटलं, "मडकं कुठं ठिवू? तुमच्याशेजारी ठिवता का?"

उत्तराची वाट न बघता मी पिकदाणी आत नेली. आणि मग आतून आवाज आला. पदराआड दाबलेला नव्हे. छातीच्या तळापासून खाकरून आलेला, ओसरी ओलांडून अंगणापर्यंत गेलेला. पितळेवर पडल्याचाही आवाज आला. सासूबाई भिंतीला डोकं टेकून म्हणाल्या, "सुटला गं बाई." अख्ख्या दहा दिवसांत तो शब्द त्या घरात पहिल्यांदा बरोबर वापरला गेला.

मला आनंद झाला असं तुला वाटेल. नाही झाला. एवढंच होतं ना? एक भांडं चार हात इकडून तिकडं न्यायचं होतं. यासाठी तुला जायला लागलं? मी पत्रकं छापली, हद्द ओलांडली, डॉक्टर केले, हकीम केले, आणि ते भांडं तुझ्यासाठी कुणी उचललं नाही. तू उचलू शकत नव्हतीस, तुला तिथंच राहायचं होतं. आणि आता तू तिथं नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकदाणी आतच होती, भरलेली. सासूबाईंना उठवत नव्हतं. पाटील गादीवर पान न खाता बसून होते. मी ठरवलं होतं, मी हात लावणार नाही, आणि घरातल्या कुठल्याही बाईला लावू देणार नाही. मग दाजी उठले. कुणाकडं न बघता त्यांनी पिकदाणी उचलली, परसात नेली, तू बसायचीस त्याच दगडावर बसले आणि राख घेऊन घासायला लागले. लई वेळ घासली. खांदे हलत होते, ते घासण्यानं की कशानं, मी विचारलं नाही. पितळ काही उजळेना, उलट काळवंडत चाललं. ते वर बघून म्हणाले, "बापू, ती कसं करायची रं? सोन्यावानी निघायची."

आधी चिंच लावायची, मग राख. मला माहीत होतं.

मी सांगितलं नाही.